टीव्ही बंद केल्यावर दोघांनी बोलायचं काय?

दिवसभरानंतर दोघं सोफ्यावर टेकलेली, समोर टीव्ही चालू. ती म्हणते, "आज मीटिंगमध्ये जरा विचित्रच झालं." तो पडद्यावरची नजर न काढता म्हणतो, "हं." ती क्षणभर थांबते आणि मग तीही टीव्ही बघू लागते. भांडण नाही, रुसवा नाही, पण सांगायचं ते राहूनच गेलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांमधल्या अशाच बारीकसारीक संवादाचं निरीक्षण केलं. सहा वर्षांनी पाहिलं, तर ज्यांचा संसार टिकला होता त्यांनी तेव्हा जोडीदाराच्या अशा बोलण्याला १०० पैकी ८६ वेळा दाद दिली होती. जे वेगळे झाले, त्यांनी फक्त ३३ वेळा. म्हणून मोठ्या गंभीर चर्चांपेक्षा मला या किरकोळ वाक्यांची जास्त काळजी वाटते. टीव्हीच्या आवाजात नेमकी तीच हरवतात.

आधी दोघांनी मिळून वेळ ठरवा. एकानंच "आजपासून टीव्ही बंद" असं फर्मान काढलं, की दुसऱ्याला ती शिक्षा वाटते. रोज अर्धा तास पुरे. आवडती मालिका किंवा मॅच सोडायची गरज नाही. ती संपली की लगेच टीव्ही बंद करायचा, एवढंच. ऑनलाइन बघत असाल तर पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. नाहीतर "एवढा एकच" म्हणता म्हणता झोपायची वेळ होते.

नुसता आवाज बंद करून भागत नाही. समोर काही हललं की नजर तिकडे जाणारच; रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी या उपजत सवयीला 'हे काय आहे?' प्रतिक्षिप्त क्रिया म्हटलं होतं. टीव्हीवर तर दर काही सेकंदांनी दृश्य बदलतं. तेव्हा बटण पूर्ण बंद करा. फोनही दुसऱ्या खोलीत ठेवा, नाहीतर एक पडदा जाऊन दुसरा येईल.

मग जागा बदला. सोफा बहुधा टीव्हीकडे तोंड करून असतो, त्यामुळे शेजारी बसूनही एकमेकांचा चेहरा दिसत नाही. टेबलाशी समोरासमोर बसा, किंवा फिरायला जा. अवघड विषय चालता चालता बोलणं अनेकांना सोपं जातं.

खरी कसोटी पहिल्या दहा मिनिटांची. घरात एकदम शांतता पसरते आणि हात रिमोटकडे जातो. ही शांतता निभावून न्या. आपल्यात बोलण्यासारखं काही उरलंच नाही, असा अर्थ तिच्यातून काढू नका. इतके दिवस ती जागा टीव्हीनं भरली होती, सवय मोडायला वेळ लागतो. "दिवस कसा गेला?" याचं उत्तर "ठीक" असंच येतं. त्यापेक्षा नेमकं विचारा: "कालच्या त्या मीटिंगचं पुढे काय झालं?" कालचं लक्षात ठेवून विचारलेला एक प्रश्न समोरच्याला फार सुखावतो. उत्तर मिळालं की लगेच तोडगा सुचवू नका. "सल्ला हवाय, की नुसतं ऐकू?" असं सरळ विचारून घ्या.

या अर्ध्या तासात हिशेब, राहिलेली कामं, जुन्या तक्रारी आणू नका. त्यांना आठवड्यातली वेगळी वेळ द्या, नाहीतर टीव्ही बंद होणार म्हटलं की पोटात गोळा यायला लागेल. एखाद्या दिवशी कोणी फार थकलं असेल तर नुसतं शेजारी बसा, तेही चालेल.

काही आठवड्यांनी असंही होतं, की टीव्हीच्या आवाजाखाली दबलेलं एखादं जुनं दुखणं वर येतं. त्याला घाबरून पुन्हा टीव्ही लावू नका. त्याच त्या मुद्द्यावर बोलणं वारंवार अडत असेल, तर विवाह समुपदेशकाची वेळ घ्या आणि शक्यतो दोघं मिळून जा.