पद्मिनीचे चार दरवाजे दोन केले: माझा अनुभव

गाडी प्रीमियर पद्मिनी, नोंदणी रद्द झालेली, फक्त प्रदर्शनात उभी करायला. रस्त्यावरच्या गाडीवर हा प्रयोग करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

पद्मिनीला वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर. मधला खांब कापला की छत आणि तळ दोन्ही हलतात. म्हणून पेट्रोलची टाकी आणि बॅटरी उतरवल्यावर आधी दरवाज्यांच्या चौकटींत चौकोनी पाइपचे तिरके आधार वेल्ड केले, कर्ण मोजून भिंतीवरच लिहून ठेवले. प्रत्येक कापानंतर तीच मापं पुन्हा घेतली.

मागच्या दरवाज्याचा पुढचा भाग पुढच्याला जोडला, खांब तेवढाच मागे सरकवला, उरलेली फट पत्र्याने बंद केली. सलग वेल्ड ओढलं की पातळ पत्र्याला लाटा येतात. एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं. हे संथ काम मला सगळ्यात आवडलं, आणि पत्र्याचे खड्डे बुजवायची लांबी, म्हणजे पुट्टी, तीही फार भरावी लागली नाही.

लांब दरवाजा जड होऊन ओळंबतो, म्हणून बिजागऱ्यांमागे आतून जाड पट्टी हवीच. पुढचं अखंड बाकडं काढून पाठ दुमडणाऱ्या दोन सीट बसवल्या, नाहीतर मागे शिरायचं कुठून?