नाशिकमध्ये योग्य थेरपिस्ट कसा निवडावा?

सगळ्यात आधी तातडी ओळखा. तुम्हाला किंवा जवळच्या कोणाला जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर थेरपिस्ट शोधत बसू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, थेट त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल हॉस्पिटल गाठा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास सुरू असतो. तो मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

तातडी नसेल, तर कोणाकडे जायचं ते ठरवा. सायकिअ‍ॅट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिक्षण घेतलेला डॉक्टर. गोळ्या तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो. काउन्सेलर ही पाटी मात्र कोणीही लावतं, चार दिवसांचा कोर्स केलेलेही. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आठवडेच्या आठवडे कामावर जाववत नाही, असं असेल तर माझ्या मते आधी सायकिअ‍ॅट्रिस्टच. थायरॉईड किंवा बी-१२ची कमतरता आहे का, हेही तो तपासून घेतो. नात्यातला ताण, जवळच्या माणसाचं जाणं, परीक्षेची धास्ती यासाठी थेरपी.

मग नोंदणी पाहा. डॉक्टरची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे. नंबर मागायला संकोचू नका, खरा माणूस तो लगेच देतो. काउन्सेलर असेल तर मानसशास्त्रात एमए कुठून केलं आणि सध्या कोणाच्या देखरेखीखाली काम करता, असं विचारा.

फोनवर एवढं बोललात तरी पुरे: “मला दोन महिन्यांपासून धडधड होते, गर्दीत जाता येत नाही. अशा पेशंटबरोबर तुम्ही काम करता का? फी किती, सेशन किती वेळाचं?” सेशन साधारण ४५ ते ६० मिनिटांचं असतं. फी झेपणारी नसेल तर तेही बोला. काही जण कमी करतात.

नाशिकमध्ये अनेकांना एकच भीती असते, वेटिंगमध्ये ओळखीचं कोणी भेटलं तर? सिडकोत राहत असाल तर खुशाल गंगापूर रोडला जा. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांनी द्राक्षछाटणीच्या दिवसांत ऑनलाइन सेशन चालेल का, ते आधीच विचारून घ्यावं.

पहिल्या भेटीत थेरपिस्ट किती ऐकतो, याकडे लक्ष द्या. दहा मिनिटांत “घटस्फोट घेऊन टाका” किंवा “तुम्हाला काहीच झालेलं नाही” म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. पत्रिका, खडे सुचवणाऱ्याकडेही नको. सासूबाई किंवा वडील सोबत आले असतील, तर तुमचं बोलणं त्यांना परस्पर सांगणार नाही ना, हे स्पष्ट विचारा. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे.

तीन-चार सेशन द्या. मोकळं बोलता येत नसेल तर तसं त्यांनाच सांगा आणि दुसऱ्याचं नाव मागा. गोळ्या सुरू असतील, तर नवा डॉक्टर भेटेपर्यंत त्या स्वतःहून बंद करू नका.