पम्पांगाचा नाताळ, दुबईच्या घरात: सप्टेंबरपासूनची तयारी

माझी वहिनी फिलिपिन्समधल्या पम्पांगा प्रांतातल्या सान फर्नांदोची. भाऊ आणि ती दुबईत, मी शारजात. तिचा नाताळ आम्ही दोन्ही घरं मिळून करतो. तुमच्याही घरात फिलिपिनो सून किंवा जावई असेल, तर ही तयारी डिसेंबरवर ढकलू नका. फिलिपिन्समध्ये ज्या महिन्याच्या नावाशेवटी ‘बर’ येतं तो प्रत्येक महिना नाताळाचा, म्हणून १ सप्टेंबरलाच कामाला लागायचं.

सगळ्यात आधी खोकं. त्याला बालिकबायान बॉक्स म्हणतात. परदेशी कामाला गेलेल्या माणसाने घरी पाठवलेला हा वाटा. जहाजाने जायला महिना-दीड महिना सहज लागतो, म्हणून सप्टेंबरअखेर ते घराबाहेर पडलंच पाहिजे. एरवी वर्षभर थोडं थोडं साठवत गेलं की हातावर भार येत नाही. तळाला जड डबे ठेवायचे, कॉर्न्ड बीफ आणि सार्डिनचे. मधल्या फटींत टॉवेल आणि मोजे दाबून बसवायचे. बुटांच्या आतली जागा रिकामी सोडायची नाही. साबण आणि चॉकलेट मात्र एकमेकांपासून लांब, दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून. नाहीतर चॉकलेटला साबणाचा वास लागतो. प्रत्येक पुडक्यावर नाव हवं, आणि गल्लीतल्या कोणाचं राहिलं तर नाही ना, हे वहिनीलाच विचारायचं. सामानाची यादी आणि पासपोर्टची प्रत तयार ठेवा. परदेशी काम करणाऱ्या फिलिपिनोंना अशी खोकी वर्षात तीन वेळांपर्यंत, सगळी मिळून दीड लाख पेसोंपर्यंतच्या मालाची, करमुक्त पाठवता येतात. विक्रीचा माल त्यात चालत नाही. खोकं उघडल्यावर घरभर जो परदेशाचा वास पसरतो, त्याची आठवण वहिनी अजून काढते. लहानपणी ती ते खोकं उघडणाऱ्यांच्या बाजूला होती.

ऑक्टोबरात पारोल. हा त्यांचा आकाशकंदील, आणि आपल्या हाताला तो परका नाही. सारख्या लांबीच्या दहा बांबूच्या कामट्या घ्या, पाच-पाचांच्या दोन चांदण्या बांधा, दोन्हींची टोकं एकमेकांना दोऱ्याने आवळा. मग आतल्या पाच छेदांवर बोटभर लांबीच्या पाच काड्या आडव्या अडकवा. तेवढ्याने चांदणी पोट धरते आणि दिव्याला जागा होते. वरून पतंगाचा कागद, खालच्या दोन टोकांना झिरमिळ्या. लहानपणी दादरला बाबांबरोबर कंदील केले होते, त्यामुळे खळ किती पातळ हवी हे मला सांगावं लागलं नाही. वहिनीने ते पाहिलं आणि त्या दिवसापासून कामट्या सोलायचं काम माझ्याकडे आलं. तिच्या गावचे कंदील मात्र वेगळ्याच मापाचे: नाताळाआधी डिसेंबरातल्या एका शनिवारी तिथे दोन मजली उंचीच्या कंदिलांची स्पर्धा असते. हजारो दिवे संगीतावर उघडमीट करतात, आणि ते चालवायला पत्र्याची मोठी पिंपं हाताने फिरवतात. पिंपावर जिथे चिकटपट्टी लावलेली असते तिथे वीज तुटते, दिवा विझतो. सगळी नक्षी त्या पट्ट्यांच्या मांडणीत असते. त्या रात्रीचं प्रक्षेपण मुलांना दाखवायचं, हेही आमच्या यादीत आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात किराणा. पॅन्सितसाठी तांदळाच्या शेवया, लाल मेणातला गोल चीज, खारवलेली बदकाची अंडी, नारळाचं दूध. हॅम लागतोच, तो इथे सुपरमार्केटच्या वेगळ्या विभागात मिळतो. आई शाकाहारी, तिच्यासाठी पॅन्सितची एक कढई भाज्यांची आधी काढून ठेवतो. शेवया तोडायच्या नाहीत, लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य. बिबिंका ऐकून आईला गोव्याचा थरांचा बिबिंका आठवला होता. नाव एक, पदार्थ दुसरा: हा तांदळाचा मऊ केक, केळीच्या पानात, वर आणि खाली निखारे ठेवून भाजलेला. ओव्हनमध्येही होतो, पण तांदूळ रात्रभर भिजवून वाटलेले हवेत आणि पान आधी आचेवर फिरवून घ्यायला हवं, म्हणजे फाटत नाही. बाजारच्या कोरड्या पिठाने तो बसतो, मी दोनदा करून पाहिलं आहे.

सिंबांग गाबी म्हणजे १६ ते २४ डिसेंबर, नऊ पहाटे. तिकडे लोक अंधारातच चर्चला जातात; शेतावर जाण्याआधी शेतकऱ्यांना प्रार्थना मिळावी म्हणून ही वेळ पडली असं सांगतात. बाहेर पडलं की बिबिंका आणि बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा पुतो बुंबोंग, सोबत आल्याचा गरम काढा. गल्फमध्ये ही प्रार्थना बरेचदा संध्याकाळी असते, तेव्हा तारखा आणि वेळा आपल्या चर्चमध्ये विचारून घ्या आणि कामाच्या पाळ्या त्याप्रमाणे आधीच बदलून घ्या. नऊही पूर्ण केले तर मनातली इच्छा फळते अशी श्रद्धा आहे. वहिनीचा नववा दिवस चुकू नये म्हणून मुलांना त्या संध्याकाळी मी सांभाळते.

मुलांना एक गोष्ट शिकवून ठेवा: वडीलधाऱ्यांचा हात हातात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा आणि ‘मानो पो’ म्हणायचं. आमची मुलं आता आईलाही तसंच करतात, आणि मग वाकून नमस्कारही.

२४ ला टेबल रात्री आठच्या आत मांडून व्हायला हवं. मनिला दुबईच्या चार तास पुढे, म्हणजे आपल्याकडे आठ वाजतात तेव्हा सान फर्नांदोत बारा, नोचे बुएनाचं जेवण तेव्हाच. फोन चार्ज केलेला, टेबलाच्या मध्यावर, चीज आणि पॅन्सितच्या मधोमध उभा करून ठेवा. तिकडून वहिनीची आई हात पुढे करते आणि माझा भाचा फोन उचलून कपाळाला लावतो.