जाळी लावली, आता युरियाचा हात आखडा

आखाजी तोंडावर आली. जळगाव-भुसावळकडे पारा 42 च्या पुढे सरकतोय. उन्हाळी टोमॅटोवर सावलीची जाळी (शेडनेट) टाकायची असेल तर याच आठवड्यात टाका. दिवसाचं तापमान 35 च्या वर राहिलं की परागकण कमजोर पडतात, फूल गळतं. उन्हाकडचा गाल पांढरा पडलेल्या फळाला बाजारात कुणी विचारत नाही.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. जाळी लावतात आणि खत मात्र उघड्या रानाचंच सोडतात! सावलीत पानात साखर कमी तयार होते. नत्र (युरियातला नायट्रोजन) तेवढंच चालू ठेवलं तर झाड माजतं, फळावर येत नाही. गेल्या उन्हाळ्यात यावलकडचा एक प्लॉट बघितला. कमरेएवढी झाडं, काळीशार पानं, आणि गुच्छाखाली हात धरला की वाळकी फुलं तळहातावर. मालकानं दुकानदाराच्या सांगण्यावरून फुलगळीसाठी तीन बाटल्या टॉनिक मारलेलं, ठिबकमधून युरिया चालूच. युरिया बंद केला तेव्हा पुढचे गुच्छ धरले. आधीचे दोन तोडे मात्र गेले.

संकरित वाणाची शिफारस हेक्टरी 300:150:150 किलो नत्र-स्फुरद-पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश), सरळ म्हणजे बिगर-संकरित वाणाची 200:100:100. स्फुरद, पालाश आणि निम्मं नत्र लागवडीला, उरलेलं नत्र हप्त्यांनी. जाळीखाली या उरलेल्या नत्रातला पाव हिस्सा मी कापतो. हा माझा अंदाज, शिफारस नाही. खूण अशी: शेंड्याखाली वीतभर अंतरावर खोड अंगठ्याएवढं जाड दिसलं, तर पुढचा युरिया नको. पेन्सिलीएवढं असेल तर चालू द्या.

फळाच्या बुडाला काळा खड्डा पडला की लोक बुरशीनाशक आणतात. ती बुरशी नाही, फळाला कॅल्शियम पोचलेलं नाही. आज भरपूर पाणी, मग चार दिवस कोरडं, असं झालं की हेच होतं. जास्तीचा युरिया त्यात भर घालतो. आधी पाणी सुधारा, मग कॅल्शियम नायट्रेट (त्यातलंही नत्र हिशेबात धरा). ते सल्फेट किंवा फॉस्फेटच्या खतासोबत एका टाकीत टाकू नका, साका बसून ड्रिपर चोंदतात.

बाकी नेहमीचं:
- जाळी 35 टक्के ऊन अडवणारी, डोक्याच्या वर, बाजू मोकळ्या
- पश्चिमेला मक्याच्या दोन ओळी
- पाणी सकाळी, थोडं थोडं, रोज
- पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे
- बुडाची पिवळी पानं काढणे

फुकट सावली म्हणून केळीच्या ओळीत टोमॅटो लावायचा मोह रावेर-यावलला फार. लावू नका. मावा दोन्हींवर फिरतो आणि त्याच्यामार्फत केळीत हरण्या (विषाणूचा मोझॅक रोग) शिरतो.

वळवाचं आभाळ आलं की त्याच दिवशी जाळी गुंडाळा. ढगाची सावली आणि जाळीची सावली मिळून पुन्हा पाल्याचंच पीक येतं.