कन्सोल बॅन झालाय? आधी बॅन कुणावर आहे ते बघा, आणि या चुका टाळा

निन्टेंडोच्या स्विच या गेम कन्सोलवर ई-शॉप (गेमचं ऑनलाइन दुकान) उघडायला जावं आणि स्क्रीनवर २१२४-४००७ हा एरर कोड यावा, की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. राउटर बंद-चालू. मग फॅक्टरी रिसेट. मग नवीन अकाउंट. तिन्हींचा उपयोग शून्य, आणि रिसेटमध्ये उडालेल्या सेव्ह फाइल्सचा भुर्दंड वेगळा. नेटची अडचण असली तर स्विच साधारणपणे २११० ने सुरू होणारे कोड दाखवतो. २१२४-४००७ चा अर्थ एवढाच, की निन्टेंडोने ते यंत्र ऑनलाइन सेवांतून बाहेर काढलं आहे. स्विच २ वर याच जातीचा कोड २१२४-४५०८ आहे.

यंत्र बाहेर काढलंय, तुम्हाला नाही. सगळा घोळ इथेच होतो. प्रत्येक स्विचमध्ये कारखान्यातच एक स्वतंत्र डिजिटल सर्टिफिकेट भरलेलं असतं आणि सर्व्हरशी जोडताना यंत्र ते दाखवतं. रिसेट म्हणजे गाडीला नवा रंग. चेसिस नंबर तोच राहतो. दहा नवी अकाउंट काढली तरी तेच. उलट जुनं अकाउंट बहुतेकदा शाबूत असतं. दुसऱ्या, स्वच्छ स्विचवर त्याच अकाउंटने लॉगिन केलंत तर विकत घेतलेले डिजिटल गेम परत उतरवता येतात. घाबरून ते अकाउंट डिलीट करणारे लोक स्वतःच्या पैशाचे गेम स्वतःच बुडवतात.

यंत्रावर बंदी घालण्याची रीत जुनी आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये, ‘मॉडर्न वॉरफेअर २’ हा गेम बाजारात आला त्याच सुमारास, मायक्रोसॉफ्टने मॉड केलेल्या, म्हणजे आत अनधिकृत फेरफार केलेल्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलवर बंदीचा बडगा उगारला. बातम्यांत आकडा ६ लाखांपासून १० लाखांपर्यंत फिरत होता. अकाउंट बचावली, पण ते कन्सोल एक्सबॉक्स लाइव्ह या ऑनलाइन सेवेतून कायमचे गेले, शिवाय हार्ड डिस्कवर गेम इन्स्टॉल करण्याची सोयही गेली. मग काय झालं? मालकांनी ते कन्सोल ईबे आणि क्रेगलिस्टवर विकायला काढले. बॅनचा फटका असा तिसऱ्याच माणसाला बसतो.

सेकंडहँड घेताना

आपल्याकडे ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, कारण निन्टेंडो भारतात अधिकृतपणे स्विच विकत नाही. जे येतं ते दुबई-सिंगापूरहून कुणाच्या तरी बॅगेतून किंवा ग्रे मार्केटमधून (अनधिकृत आयातीच्या बाजारातून), आणि मग ओएलएक्सवर हात बदलत फिरतं. ‘कंडिशन एकदम मस्त, बॉक्ससकट’ हे खरं असेलही, पण बॅन बाहेरून दिसत नाही. विक्रेता गेम लावून दाखवतो, गेम झकास चालतो. कारण बॅन झालेला स्विचही ऑफलाइन व्यवस्थित चालतो!

म्हणून पैसे देण्याआधी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा, कन्सोल त्याला जोडा, आपलं अकाउंट टाका आणि ई-शॉप उघडा. पानं दिसली, एखादा मोफत डेमो डाउनलोडला लागला, तर ठीक. ‘इथे नेट नाही’, ‘घरी जाऊन करा’, ‘आत्ताच रिसेट केलाय, सेटअपला वेळ लागेल’ अशी कारणं आली तर निघा. अर्थात, आज चाललं म्हणजे उद्याही चालेल असं नाही. बॅन पुष्कळदा उशिरा, एकगठ्ठा येतात. तेव्हा चॅट आणि व्यवहाराचा पुरावा ठेवा.

स्विच २ च्या बाबतीत नुकसान आणखी मोठं. त्याच्या गेम-की कार्डांत पूर्ण गेम नसतोच, पहिल्यांदा नेटवरून उतरवावा लागतो. बॅन झालेल्या यंत्राला ते कार्ड निरुपयोगी.

वापरलेल्या गेम कार्डांतही धोका आहे. प्रत्येक कार्डाला स्वतःचं सर्टिफिकेट असतं. कुणी कार्डाची कॉपी काढून घेतली, मिग स्विचसारख्या फ्लॅश कार्टवर (कॉपी केलेले गेम चालवणाऱ्या कार्डावर) चालवली आणि मूळ कार्ड तुम्हाला विकलं, तर एकच कार्ड दोन ठिकाणी ऑनलाइन दिसतं. जुलै २०२५ मध्ये असा एक प्रकार गाजला. वापरलेली कार्डं घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा स्विच २ बॅन झाला. त्याने कार्डांचे फोटो आणि जिथून घेतली त्या जाहिरातीचा पुरावा सपोर्टला दिला, आणि बॅन उठला. ‘मी काहीच केलं नाही हो’ एवढं म्हणून भागत नाही. कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे पाठवल्याची पावती हाताशी हवी. आणि हे सगळं विकत घेतानाच जमवलेलं बरं, कारण माल विकला गेला की जाहिरात गायब होते.

‘मी पायरसी नाही केली, फक्त मॉड केलं’

हा बचाव माणूस म्हणून मला पटतो, कंपनीला पटत नाही. मिग स्विचवर स्वतःच्याच कार्डांच्या कॉप्या चालवणाऱ्यांचेही स्विच २ बॅन झाले. मे २०२५ मध्ये निन्टेंडोने अटी बदलून, अनधिकृत फेरफार केल्यास यंत्र पूर्णतः किंवा अंशतः कायमचं निकामी करू शकतो, असं लिहूनच टाकलं. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूबद्दल ही भाषा मला अतिरेकी वाटते, पण सेटअप करताना ‘मान्य’ आपणच दाबतो. ‘ऑफलाइनच खेळतो’ यावरही विसंबू नका. यंत्र नोंदी साठवून ठेवतं आणि नेट मिळालं की पाठवतं.

‘अनबॅन करून देतो’ म्हणणाऱ्यांकडे तर फिरकूच नका. एक्सबॉक्स ३६० च्या काळात दुसऱ्या कन्सोलची ओळख असलेली कीव्हॉल्ट फाइल विकली जायची. तीही पकडली जायची, की पुन्हा नवी घ्या, पुन्हा पैसे. शिवाय आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलम ६५-अ आहे. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अमेरिकेत टीम एक्झेक्यूटर या कन्सोल हॅक करणाऱ्या टोळीतल्या गॅरी बाउझरला फेब्रुवारी २०२२ मध्ये ४० महिन्यांची शिक्षा झाली होती.

प्लेस्टेशनवाल्यांसाठी

इथे आधी कोड वाचा. पीएस४ वर डब्ल्यूएस-३७३६८-७ म्हणजे अकाउंट बॅन, डब्ल्यूएस-३७३९७-९ म्हणजे यंत्र. अकाउंट बॅन असेल तर नवा कन्सोल घेऊन काही होत नाही, कारण गेम अकाउंटवर असतात. आपल्याकडे ‘प्रायमरी’, ‘सेकंडरी’ म्हणून अर्ध्या किमतीत जे गेम विकले जातात ते दुसऱ्याच्या अकाउंटचे असतात. ते अकाउंट गेलं की तुमच्या हातात ना गेम, ना दाद मागायला जागा.

आणखी एक चूक पायरसीशी संबंध नसलेलेही करतात. घरातल्या मुलाने कार्डावरून खरेदी केली म्हणून वडील थेट बँकेला फोन करून पैसे उलटवतात, आणि अकाउंट निलंबित होतं. आधी सोनीकडे परताव्याची मागणी करा. पैसे उलटून झालेच असतील तर सपोर्टशी बोलून थकलेली रक्कम भरा. ती भरली की असं अकाउंट सहसा पुन्हा सुरू होतं.