उन्हाळ्यात घर बघताना: ऊन काय दाखवतं, काय झाकतं

शाळांना सुट्या लागल्या की घरांच्या बाजारात वर्दळ वाढते. मुलांचं शाळेचं वर्ष मध्येच मोडू नये म्हणून कुटुंबं याच काळात घर बदलतात, आणि हे माहीत असल्यामुळे विकणारेही तोवर थांबून राहतात. बघायला घरं भरपूर मिळतात, पण प्रत्येक घरामागे गिऱ्हाईकंही जास्त असतात. अशा वेळी एजंट म्हणतो, "भाव चढलेत." तो खोटं बोलतो असं नाही, फक्त हंगामाबद्दल बोलतो. तुलना गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी करा, आणि तीही मागितलेल्या किमतीची नव्हे, प्रत्यक्ष नोंदलेल्या व्यवहारांची.

एजंटला थेट विचारा: हे घर पहिल्यांदा विक्रीला कधी काढलं? 'पहिल्यांदा' हा शब्द महत्त्वाचा. जाहिरात काढून पुन्हा टाकली किंवा एजंट बदलला की दिवसांची मोजणी नव्याने सुरू होते आणि आठ महिने पडून असलेलं घर 'नवीन' म्हणून समोर येतं. मग विचारा, या भागात या आकाराची किती घरं विक्रीला आहेत आणि महिन्याला किती विकली जातात. ६० घरं विक्रीला असतील आणि महिन्याला १५ जात असतील, तर ४ महिन्यांचा साठा झाला. साधारण ६ महिन्यांच्या आसपास बाजार समतोल धरतात. त्याहून बराच कमी असेल तर पारडं विकणाऱ्याकडे झुकलेलं. विक्रीचा आकडा एकट्या महिन्याचा धरू नका, मागच्या तीन महिन्यांची सरासरी घ्या. हे आकडे जवळ नसलेला एजंट तुम्हाला भाव सांगतोय, बाजार नव्हे.

ऊन खरं बोलतं ते इथे

घर दाखवायला सकाळची वेळ सोयीची, कारण तेव्हा प्रत्येक खोली गार असते. तुम्ही दुपारी ४ ची वेळ मागा आणि पसंत पडलं तर त्याच दिवशी रात्री ९ नंतर पुन्हा जा. नऊ इंची विटेच्या भिंतीवर पडलेली उष्णता आतल्या बाजूला पोचायला साधारण सहा-सात तास घेते. म्हणजे पश्चिमेची भिंत संध्याकाळी बरी वाटते आणि नेमकी झोपायच्या वेळी तापते. काँक्रीटच्या स्लॅबमधून उष्णता याहून लवकर उतरते. एसी दोन तास आधी बंद ठेवायला आवर्जून सांगा. नाहीतर तुम्ही घर बघत नाही, एसी बघता.

हातात धरायचा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर बाहेरच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग, आतली भिंत आणि छत यांचं तापमान मोजा. बहुतेक साध्या थर्मामीटरचं प्रमाण १२:१ असतं, म्हणजे १२ फुटांवरून तो जवळजवळ एक फूट रुंदीच्या ठिपक्याची सरासरी दाखवतो. म्हणून जवळ जाऊन मोजा. काचेवर, स्टीलवर किंवा चकचकीत टाइल्सवर त्याचा आकडा धरू नका. आतल्या भिंतीपेक्षा छत रात्रीही ४-५ अंशांनी गरम असेल, तर वर गच्चीला किंवा छपराला उष्णतारोधक थर नाही, किंवा असूनही तो निकामी झालाय. तो खर्च किमतीत धरा.

दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो (हे उत्तर गोलार्धात; दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या खिडकीला), कारण भर दुपारचा सूर्य उंच असतो. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, तिथे छज्जा निरुपयोगी. बाहेरून लावलेली झडप, उभ्या पट्ट्या किंवा झाड हवं. आतल्या पडद्याने उजेड अडतो, पण उष्णता तोवर काचेतून आत आलेली असते.

एसी विक्रीत धरला असेल तर सगळ्यात शेवटी तपासा. १५-२० मिनिटं पूर्ण गारव्यावर चालवा, मग आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान मोजा. ८ ते १२ अंशांचा फरक ठीक. त्याहून कमी असेल तर बहुधा गॅस कमी. कॉइलवर बर्फ धरला असेल तर बहुधा फिल्टर तुंबलेला किंवा गॅस कमी. हवा फार दमट असेल तर फरक थोडा कमी दिसतो, कारण क्षमतेचा काही भाग हवेतलं पाणी काढण्यात जातो. पाटीवरचं उत्पादनाचं वर्ष वाचा. क्षमताही वाचा: १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू.

ऊन जे झाकतं

सगळ्यात जास्त फसगत ओलीत होते. कोरड्या हवेत भिंत वाळते, वर रंगाचा हात मारला की काम झालं. पण पाणी आपल्यामागे मीठ सोडून जातं. स्कर्टिंगच्या वर एक ते तीन फुटांपर्यंत पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, दिसतो का बघा. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड पाडा; फुगलेली पुट्टी, पोपडे आणि नंतर भरलेले चौकोन लगेच उठून दिसतात. एकाच भिंतीचा खालचा पट्टा ताजा रंगवलेला असेल तर विचारा, का? गच्चीखालच्या छताचे कोपरे, खिडकीच्या खालची बाजू, बाथरूमला लागून असलेली पलीकडच्या खोलीतली भिंत आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटाची आतली बाजू, एवढं तरी सोडू नका. कपाट उघडून नाक आत घाला. बुरशीचा वास रंगाने जात नाही.

ओलावा मोजायचं मीटर लाकडासाठी बनवलेलं असतं. दाराच्या चौकटीत २० टक्क्यांच्या वर आकडा आला तर लाकूड कुजण्याचा धोका आहे. गिलाव्यावर मात्र त्याचे टक्के खरे नसतात. तिथे नक्की कोरड्या असलेल्या भिंतीशी तुलना करा, आणि लोणा असेल तिथे मीटर उगाच जास्त दाखवतं हे लक्षात ठेवा.

तडे उन्हाळ्यात मोठे दिसू शकतात. चिकणमातीची जमीन सुकली की आकसते, पावसात फुगते आणि तडा पुन्हा मिटतो. १ मिलिमीटरपर्यंतचे केसासारखे तडे बहुधा रंगकामाचा विषय. ५ मिलिमीटरच्या वर गेलेला, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका पायऱ्यापायऱ्यांनी निघालेला आणि एका टोकाला रुंद होत जाणारा तडा स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. जवळ मोठं झाड असेल तर तेही इंजिनिअरला सांगा. मुळं कोरड्या दिवसांत जमीन आणखी सुकवतात.

उजेडाचा हिशेब तर हमखास चुकतो. उष्ण कटिबंधाबाहेर भर दुपारच्या सूर्याची उन्हाळ्यातली आणि हिवाळ्यातली उंची यांत जवळजवळ ४७ अंशांचा फरक पडतो. आज उन्हात न्हालेली बाग थंडीत समोरच्या इमारतीच्या सावलीत जाऊ शकते. उष्ण कटिबंधात तर वर्षातून काही काळ माध्यान्हीचा सूर्य चक्क इमारतीची दुसरी बाजू धरतो. फोनवर सूर्याचा मार्ग दाखवणारं ॲप खिडकीत उभं राहून हिवाळ्याच्या तारखेला लावून बघा.

आवाजाचंही तसंच. एसीसाठी खिडक्या बंद, शाळा बंद, झाडं पानांनी भरलेली, त्यामुळे रस्ता शांत आणि समोरची भिंत अदृश्य. नकाशावर ३०० मीटरच्या आत शाळा, मैदान किंवा मंगल कार्यालय आहे का पाहा, आणि खिडक्या उघडून दहा मिनिटं गप्प बसा.

नळाची धार उन्हाळ्यातच तपासावी, कारण टंचाईत ती खरी दिसते. १० लिटरची बादली दीड मिनिटात भरत नसेल तर वरच्या मजल्यावर शॉवर रडणार. मग दुसरा नळ सोडून पुन्हा मोजा.

घाई कुणाची आहे ते ओळखा

शाळा सुरू होण्याच्या तारखेपासून उलटं मोजा: सामान लावायला एक आठवडा, रंग आणि दुरुस्तीला दोन-तीन, कर्ज आणि मालकीच्या कागदपत्रांना आणखी किमान चार ते आठ. हा हिशेब जमत नसेल तर या हंगामात घाईने जास्त भाव देण्यात अर्थ नाही. विकणाऱ्याचाही असाच हिशेब असतो; त्याने दुसरं घर आधीच घेतलं असेल तर किमतीपेक्षा ताब्याची तारीख त्याला महत्त्वाची वाटते आणि तारीख त्याच्या मनासारखी दिली तर भाव खाली येतो. ओलीची शंका उरली असेल तर पहिल्या पावसाळ्यात गळती निघाल्यास दुरुस्ती कुणी, किती दिवसांत करायची, हे करारात लिहून घ्या. तोंडी कबुलीला पहिल्या सरीनंतर कुणी ओळख देत नाही.

हंगाम सरताना उरलेली घरं टाकाऊ समजू नका. त्यातल्या बऱ्याच घरांचा दोष एवढाच असतो की सुरुवातीला मागितलेली किंमत चुकली होती. मिळेल तितका मोठा आकडा सांगून एजंटने काम मिळवलेलं असतं, आणि आता मालकाचा पेशन्स संपत आलेला असतो. असं घर पुन्हा बघायला पाऊस पडल्यावर दुसऱ्या दिवशी जा.