लाव्हाचे थर किती? भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी दोन तासांची कातळभेट

दख्खनच्या पठारावरच्या बहुतेक कॉलेजांजवळ एखादी बंद पडलेली खाण किंवा रस्त्यासाठी कापलेली टेकडी असते. तिथे न्या, पण आधी बेसॉल्टवर, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकावर, व्याख्यान देऊ नका. उत्तर आधीच मिळालं की मुलं दगडाकडे बघत नाहीत, वही बघतात. प्रश्न एकच द्या: इथे लाव्हाचे किती थर आहेत, आणि कशावरून?

चार-चार जणांचे गट करा. प्रत्येकाला दहापट भिंग, टेप आणि चाकू द्या. सौम्य आम्लाची ड्रॉपर-बाटली मात्र शिक्षकाकडेच राहू द्या: एक भाग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, नऊ भाग पाणी. आम्ल पाण्यात ओतायचं, उलट कधीही नाही. खाणमालकाची परवानगी आधी घ्या. पावसाळ्यात आणि सुट्या दगडांच्या कड्याखाली जाऊ नका.

पहिली वीस मिनिटं लांबून फक्त रेखाटन. मग जवळ जाऊन खालून वर दर अर्ध्या मीटरला नोंद. हात पोचत नसेल तिथे दुरूनच बघायचं, चढायचं नाही. थराचा मधला भाग घट्ट असतो. वरचा भाग बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेला दिसतो, कारण वायू वर जाऊन तिथेच अडकतो. दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा येतो, म्हणजे रेड बोल. पुढचा लाव्हा येण्याआधी बराच काळ गेल्याची ती खूण आहे. पण तो प्रत्येक सीमेवर नसतो; नुसते पट्टे मोजणारा गट थर कमी धरतो.

पोकळीतलं पांढरं खनिज म्हणजे झिओलाइटच (बेसॉल्टच्या पोकळ्यांत नेहमी सापडणारा खनिजांचा गट), असं सगळे ठरवून टाकतात. एक थेंब आम्ल टाका: फसफसलं तर कॅल्साइट. फसफसलं नाही तर चाकूने ओरखडा; उमटला नाही तर बहुधा क्वार्ट्झ किंवा त्याच्या जातीचं खनिज. उमटला तरच झिओलाइटचा विचार. आणखी एक गल्लत: कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोळे 'पिलो लाव्हा', म्हणजे पाण्याखाली उशीसारखा थिजलेला लाव्हा, समजले जातात. ते बहुतेक वेळा झिजेमुळे झालेले असतात. पिलोला बाहेरून काचेसारखी कड लागते.

कॉलेजात परतल्यावर घट्ट आणि सच्छिद्र असे दोन तुकडे स्प्रिंग काट्याला टांगून हवेत आणि पाण्यात तोला. हवेतलं वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक, ही घनता (पाण्याच्या किती पट). घट्ट बेसॉल्टची २.८ ते ३.० च्या आसपास येते. फारच वेगळी आली तर तुकडा बादलीच्या तळाला टेकला होता का, ते बघा. सच्छिद्र तुकडा पाणी पीत असेल तर काटा हळूहळू सरकतो, म्हणून बुडवल्या बुडवल्या वाचा.

गुण थरांच्या आकड्याला देऊ नका. दोन गटांची उत्तरं वेगळी आली, तर दोघांना त्याच कड्याचा फोटो दाखवून सीमा बोटाने आखायला लावा आणि पुराव्याला गुण द्या.